अक्काने हाताने पाहिलेली गाडी

माझा नवरा मोटारसायकली बनवतो. दुरुस्त करत नाही, बनवतो. एंजिन तेवढं कंपनीचं, बाकी सगळं आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हाताने. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यापासून दिगंबरच्या तीन गाड्या झाल्या. तिसरीने तीन वर्षं खाल्ली. ती पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांची. नवरा-बायकोने देशभर हिंडायचं, म्हणून लांबच्या प्रवासाची, आरामशीर आणि जगात दुसरी नसेल अशी त्यांना हवी होती.

गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी दीड हजार किलोमीटर स्वतः चालवायची, असा दिगंबरचा नियम आहे. दुसऱ्याचा नवा जोडा आपण घालून रुळवायचा आणि फोड आपल्या पायाला आणून घ्यायचे, असा हा धंदा. मालकांची त्याला परवानगी होती. कुठे जायचं ते दिगंबरने मला न विचारता ठरवलं होतं. आदिलाबादला, अक्काकडे.

अक्का ही त्याची थोरली बहीण. माहेर वणीकडचं, सासर पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळच्या खेड्यात. गेली तीन वर्षं ती फोनवर एकच सांगायची, डोळे जाऊन राह्यले, आहेत तोवर ये. काचबिंदू होता. आणि हा शहाणा दर वेळी सांगायचा, ‘अक्का, गाडी झाली की गाडीवरच येतो, तुला दाखवतो.’ मी दोनदा म्हटलं, अरे रेल्वेने जाऊन ये. पण टाकी राहिली होती, मग सीट राहिली होती, मग सामानाच्या पेट्या. गेल्या पावसाळ्यात अक्काच्या नवऱ्याचा, म्हणजे भावजींचा फोन आला की आता तिला फक्त उजेड कळतो. त्या रात्री हा जेवला नाही. गाडी डिसेंबरात झाली.

म्हणजे आम्ही उशिरा निघालो होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. फक्त किती उशिरा, ते तिथे गेल्यावर कळायचं होतं.

नांदेड ते किनवट

पुणे ते नांदेड मी गाळते. त्यात माझी कंबर आणि धाब्यांचा चहा याखेरीज काही नाही. कंबरेचं मात्र सांगायला हवं, कारण ते या गाडीच्या रचनेतच आहे. मागची सीट मालकीणबाईंच्या मापाची. बाई उंच आणि सडपातळ. त्यांना शेडमध्ये लाकडी घोड्यावर बसवून, वाळू भरलेल्या गादीवर त्यांचा ठसा घेऊन दिगंबरने ती बेतली होती. खाली कठीण फोम, वर मऊ फोम, त्यावर लोकरीचा जाड नमदा आणि त्यावर बाभळीच्या सालीवर कमावलेलं चामडं, मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवलेलं. इतकी देखणी सीट मी दुसरी पाहिलेली नाही आणि इतकी दुसऱ्याचीही नाही. माझं बूड त्या ठशात मावत नव्हतं. परभणीला मी पेटीतून घरची गोधडी काढून घडी करून खाली घेतली. दिगंबरचा चेहरा असा झाला, जणू मी देवळात चपला घालून गेले.

किनवट सोडलं की सागवानाचं रान लागतं. हिवाळ्यात पानं तांबूस झालेली असतात. त्या रानात आमच्या पुढे कापसाने भरलेला ट्रक होता आणि वळणावळणावर त्यातून कापूस गळत होता. रस्त्याच्या कडेला बोरूच्या काड्यांवर कापूस, काटेरी बाभळींवर कापूस. थोड्या वेळाने मला जळकट वास आला. उतरून पाहतो तर धुराच्या नळकांड्याला कापसाचे पुंजके चिकटून करपलेले. हे नळकांडं म्हणजे दिगंबरचा जीव की प्राण. पोलादाला नुसती आच देऊन त्याने त्यावर निळा-जांभळा रंग आणला होता, रंगाचा थेंबही न लावता. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून नखाने करपलेला कापूस खरवडत होता. मागून सायकलवर आलेले एक आजोबा थांबले, सगळं न्याहाळलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, कापसाच्या दिवसात पांढरी गाडी पाह्यजे होती.’’ आणि गेले.

आदिलाबाद

राज्याची हद्द कशी ओलांडली ते कळलंच नाही. एका दुकानावर मराठी पाटी, पुढच्यावर तेलुगू, त्यापुढच्यावर दोन्ही. गावात शिरताना एका पोलिसाने हात केला. मी कागद काढले, तर त्याला फोटो हवा होता. फोटो झाल्यावर त्याने हिंदीत तोच प्रश्न विचारला, जो पुण्यापासून अकरा जणांनी विचारला होता, ‘‘मायलेज कित्ता देती?’’ दिगंबरला हा प्रश्न कन्यादानाच्या वेळी मुलीचं वजन विचारल्यासारखा वाटतो. तो म्हणाला, ‘‘मोजलं नाही.’’ पोलिसाला वाईट वाटलं.

दुपारी एका खानावळीत जेवलो. पानात पप्पू आलं. आपल्या वरणाचाच थोरला भाऊ, पण घट्ट आणि आंबट पाल्यात शिजवलेलं. मला चव ओळखीची वाटली. विचारलं तर वाढणारी बाई म्हणाली, गोंगुरा. म्हणजे आपली अंबाडीच. रात्री अक्काच्या घरी तीच अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून समोर आली, तेव्हा मला या जिल्ह्याचं एक गणित सुटल्यासारखं वाटलं.

हात धुऊन आल्यावर दिगंबर म्हणाला, ‘‘शैला, तिला मी काय दाखवणार गं?’’

मी म्हटलं, ‘‘आधी जाऊ तर.’’

बेल्याजवळचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. अक्काला पाहुणे आवडतात, पण भावजींना स्वयंपाक करावा लागतो. हो, स्वयंपाक भावजी करतात. मुलं हैदराबादला, अक्काची नजर गेलेली, तेव्हा सत्तरीतला हा माणूस, आयुष्यभर कापूस आणि ज्वारी पिकवलेला, भाकरी थापायला शिकला. अक्का चुलीपाशी पाटावर बसते आणि कानाने भाकरी भाजते. ‘‘पलटा,’’ म्हणते. ‘‘आता निखाऱ्यावर टाका.’’ भाकरी फुगली की तिला कळतं. सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, अंबाडी, ठेचा आणि पापुद्रा सुटलेल्या त्या भाकरी. मी तीन खाल्ल्या. आमच्याकडे दिगंबरला चहाचं आधण ठेवायला सांगितलं तर तो पातेलं कुठे असतं ते विचारतो. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पण हे नंतरचं. आधी आम्ही अंगणात शिरलो तेव्हा अक्का ओट्यावर उभी होती. एंजिन बंद झालं तशी म्हणाली, ‘‘काऊन रे, इतला उशीर?’’

आदिलाबादहून फोन केल्यावर निघायला आम्हाला तास लागला होता. तिने बहुधा तेवढंच विचारलं असावं. पण दिगंबर गाडीवरून उतरून तसाच उभा राहिला, हेल्मेट हातात घेऊन.

‘‘अक्का, चुकलंच माझं.’’

‘‘कायले चुकलं? ये. हात पाय धू.’’ मग माझा हात चाचपून धरत, ‘‘शैला, तू बारीक झाली का वं?’’ झाले नव्हते, पण मला बरं वाटलं.

चहा झाल्यावर दिगंबरने ते काढलंच. ‘‘अक्का, गाडी दाखवायची होती तुला.’’

‘‘मंग दाखव न,’’ अक्का म्हणाली आणि पदर खोचून उठली.

भावजींनी तिला गाडीच्या पुढच्या चाकाशी नेऊन उभं केलं आणि हात सोडला. पुढचा तास मी जे पाहिलं, ते सांगायलाच हा सगळा लेख लिहिते आहे.

तिने आधी दिव्याला हात लावला. दिव्याभोवतीचं पितळी कडं बोटं गोल फिरवून पाहिलं. ‘‘पितळ,’’ म्हणाली, ‘‘थंड हाये, पन लोखंडावानी चावत नाई.’’ मग हँडलच्या मुठी. तिथे चामड्याची बारीक वादी एकाशेजारी एक गुंडाळली आहे. तिने पीळ मोजल्यासारखा अंगठा फिरवला. ‘‘चाबकाच्या मुठीले बाबा असंच बांधत होते.’’ दिगंबर पायाशी बसून तिचा पदर कुठे अडकत नाही ना ते पाहत होता. पाय ठेवायच्या फळ्या सागवानी, त्यात पितळेच्या पट्ट्या बसवलेल्या. त्या तिने पायानेच पाहिल्या, चप्पल काढून. ‘‘हा साग आपल्या इकडचा नोहे.’’

‘‘तुला काय कळतंय?’’ दिगंबर म्हणाला. पण त्याने तो खरंच मलबारकडचा आणला होता.

बाजूच्या दोन पेट्या ॲल्युमिनियमच्या, कडांना सागाची पट्टी आणि आतून नमद्याचं अस्तर. तिने झाकण उघडून आत हात घातला, तर हाताला मी उतरल्यावर आत कोंबलेली गोधडी लागली. ‘‘हे कायले?’’ मी कारण सांगितलं. अक्का इतकी हसली की भावजींना पाणी आणावं लागलं. ‘‘बायको मागं बसते आन सीट दुसऱ्या बाईच्या मापाची. दिगू, तू सुधरला नाई.’’

मग ती टाकीकडे आली.

टाकीबद्दल थोडं सांगते. ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचा, मग यंत्राच्या दोन पोलादी चाकांमध्ये दाबून दाबून गुळगुळीत करायचा, दोन अर्धे जोडायचे आणि जोड घासून नाहीसा करायचा. तिच्यावर रंग नाही, लॅकरचा पारदर्शक थरसुद्धा नाही. मी म्हटलं होतं, डाग पडतील. तर म्हणे, धातूवर लॅकर म्हणजे सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर. नुसता धातू, आरशासारखा घासलेला. तिच्या आकारासाठी त्याने चाळीसेक चित्रं काढली आणि फाडली होती. पुढे उंच, मग अचानक उतार, मग पाठ लांब होत होत सीटमध्ये शिरते. ‘हीच रेघ का?’ असं मालकांनी विचारलं तर त्याला सांगता आलं नव्हतं. त्याला माप सांगता येतं, रूप सांगता येत नाही.

अक्काने दोन्ही तळहात टाकीवर ठेवले. आधी म्हणाली, ‘‘इतं जोड हाये.’’ दिगंबरचं तोंड उतरलं. तो जोड आजवर कुणाला दिसला नव्हता. मग तिचे हात पुढे सरकले, उंचवट्यावर थांबले, उतारावरून खाली आले, परत वर गेले. असं तीन-चारदा. तिचा चेहरा बदलत गेला.

‘‘दिगू,’’ ती म्हणाली, ‘‘हा त पवळ्या हाये.’’

दिगंबर उभा राहिला.

‘‘वशिंड आलं पाह्य इतं. मंग पाठ खाली जाते. नदीवर धुवाले न्यायचो तवा तू लहान, तुहा हात इतलाच पुरे, वशिंडाच्या खाली. मी वरून धुवो, तू खालून. तू पवळ्या केला रे.’’

पवळ्या हा त्यांच्या वडिलांचा बैल. मी त्याचं नाव लग्नानंतर कधी तरी ऐकलं असेन. मी दिगंबरकडे पाहिलं. तो टाकीकडे पाहत होता, जणू ती त्याला नुकतीच कुणी आणून दिली होती. ‘‘मला माहीत नव्हतं,’’ तो म्हणाला. आणि पस्तीस वर्षांच्या पुण्यानंतर त्याच्या तोंडून आपसूक निघालं, ‘‘अक्का, मले खरंच माहीत नवतं.’’

‘‘हाताले माहीत होतं,’’ अक्का म्हणाली.

दिवेलागण

आता बैल घरी आला म्हटल्यावर त्याला ओवाळणं आलं. अक्काच्या सासरी रीत आहे. पोळ्याला बैलांची पूजा झाली की घरच्या बाईने रंगात हात बुडवून त्यांच्या पाठीवर पंजा उमटवायचा. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला, त्यालाही उमटवला. रंग बाजारचा नाही. हळद भिजवायची, त्यात पानाचा चुना मिसळायचा, की लालभडक होते. चुना भावजींच्या चंचीतून घेतला. हळदीत तो मीच कालवला. पिवळ्याचं लाल होताना पाहायला मला लहानपणापासून आवडतं.

अक्काने गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि उजवा पंजा रंगात बुडवून वशिंडावर ठेवला. पाचही बोटं, नीट दाबून. ‘‘सकाळपर्यंत पुसाचं नाई,’’ म्हणाली. दिगंबर हात जोडून उभा होता. डोळे भरलेल्या माणसाला रंगात काय काय आहे हे विचारायचं सुचत नाही.

सकाळी थंडी होती. आदिलाबादची थंडी पुण्याला लाजवते. दिगंबर ओल्या फडक्याने टाकी पुसत होता. लाल रंग निघाला आणि पंजा तसाच राहिला. आरशासारख्या धातूवर राखाडी, निस्तेज, प्रत्येक रेघेसकट. त्याने परत पुसलं. मग हळू आवाजात मला विचारलं, ‘‘रंगात चुना होता?’’

‘‘होता. मीच घातला.’’

‘‘चुना ॲल्युमिनियम खातो, शैला.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा दिवसांनी गाडी मालकांच्या दारात उभी करायची होती. भावजी मागून आले, पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, ‘‘वा साळेबुवा, पक्का बसला.’’ दिगंबरने त्यांना खूण केली, अक्काला सांगू नका. पण गुपचूप उभ्या असलेल्या तीन माणसांची शांतता आंधळ्या बाईला ऐकू येतेच. ती ओट्यावरून उतरली, टाकीपाशी आली आणि तिने हात ठेवला. बरोब्बर त्याच जागी. तिची बोटं त्या खरखरीत बोटांवर बसली.

‘‘हे मी केलं?’’

‘‘काही नाही अक्का, चालतं,’’ दिगंबर म्हणाला. ‘‘राहू दे. मला हवाच आहे.’’

‘‘तुह्या गाडीवर राहू देला असता. दुसऱ्याच्या बैलावर आपला शिक्का नसते, दिगू. बाबांनं काय शिकवलं? काढ तो.’’

तो तयार होईना. मालकांना समजावून सांगीन म्हणाला. तो असा हट्टाला पेटला की मी सहसा बाजूला होते. अक्का झाली नाही. ‘‘घासाचा कागद आन फडकं दे मले,’’ ती म्हणाली. ‘‘मीच उमटवला, मीच काढीन.’’

मग त्या दोघांनी मिळून तो पंजा घासला. दिगंबरच्या हत्यारांच्या पिशवीत बारीक, अतिबारीक घासकागद होते आणि पॉलिशची डबी. भावजींनी जुनं धोतर फाडून दिलं. दिगंबर कागद भिजवून तिच्या बोटांत देई आणि मनगट धरून दिशा दाखवी. ती घाशी, थांबे, करंगळीच्या टोकाने चाचपून पाही. ‘‘इतं अजून हाये,’’ म्हणे. त्याला चष्म्यातून जे दिसत नव्हतं, ते तिला बोटाला कळत होतं. एकेक बोट जात होतं. ऊन अंगणात आलं. भावजींनी दोनदा चहा केला. मी गोधडी अंगाभोवती घेऊन ओट्यावर बसले होते. सांगायला लाज वाटत नाही, मी रडत होते.

शेवटी अंगठा राहिला.

‘‘गेला,’’ दिगंबर म्हणाला. ‘‘सगळा गेला अक्का. झालं.’’

अक्काने करंगळी फिरवली. ‘‘खोटं बोलून राह्यला. आंगठा हाये.’’

‘‘तेवढा राहू दे ना गं. हँडलच्या आडोशाला आहे, कुणाला दिसत नाही.’’

‘‘तुले दिसन,’’ ती म्हणाली, आणि तिने तोही घासला. बराच वेळ. मग कोरड्या फडक्याने टाकी पुसली, दोन्ही तळहात तिच्यावरून नेले आणि मान हलवली. टाकी आधीपेक्षा चांगली झाली होती. तिच्यात अंगण दिसत होतं, चूल दिसत होती, अक्का दिसत होती.

दिगंबर म्हणाला, ‘‘मी आधी यायला पाहिजे होतं. तुला दिसत होतं तेव्हा. गाडी पुरी व्हायची वाट पाहत बसलो.’’

‘‘मले गाडी नवती पाह्याची, दिगू,’’ अक्का म्हणाली. ‘‘गाडी त मी आताबी पाह्यली. मले तुले पाह्याचं होतं. थे तू समजलाच नाई.’’

तो तिच्यासमोर अंगणातल्या मातीत गुडघे टेकून बसला आणि तिचा हात स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवला. तिची बोटं पॉलिशने काळी झालेली होती. तिने गाडीला लावला होता तसाच हात लावला, वरून खाली, घाई न करता. कपाळ, भुवया, चष्मा काढून डोळे. मग ओठांवर थांबली.

‘‘मिशी पांढरी झाली का रे?’’

‘‘झाली.’’

‘‘कधी?’’

‘‘पाच-सहा वर्षं झाली.’’

‘‘मंग मी पाह्यलीच नाई,’’ अक्का म्हणाली, आणि तिने परत कपाळापासून सुरुवात केली. आम्हाला उन्हं चढायच्या आत निघायचं होतं. कुणी आठवण केली नाही.